दर सोमवारी एक बटण

मार्गशीर्षातला दुसरा सोमवार. फी दीडशे रुपये, ऑटोचे जाऊन-येऊन चाळीस. हजर आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि आमची आठ वर्षांची मुलगी. समोर मुलांच्या मानसतज्ज्ञ, आम्ही त्यांना ताई म्हणत असू. त्या दर सोमवारी नागपूरहून यवतमाळला येत आणि भाड्याच्या एका खोलीत मुलांना तपासत.

आमच्या मुलीचं लक्ष टिकत नव्हतं, अंग स्वस्थ राहत नव्हतं. शाळेनं सांगून टाकलं होतं, असंच राहिलं तर पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा.

ताईंची पद्धत साधी होती. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. तिनं ती केली की त्याच क्षणी हातात एक बटण ठेवायचं. उधारी नाही, आणि दिलेलं बटण रागावून परत घ्यायचं नाही. दहा बटणं झाली की ठरलेलं बक्षीस. मुलीनं राळेगावची एसटी मागितली, खिडकीची जागा. बटणं बायकोच्या शिवणाच्या डब्यातली.

पहिल्या दिवशी ती जेमतेम चार मिनिटं बसली.

मी एका जिनिंगमध्ये हिशेब लिहीत असे. कापसाची ती पडती वर्षं. आवारात गाड्या कमीच येत. मी बटणांची गोष्ट सांगितली तेव्हा वजनकाट्यावरचा माणूस म्हणाला, "साहेब, मी सकाळपासून नुसता बसून राह्यलो. मले किती बटणं?" सगळे हसले. मीही हसलो.

फाल्गुनापर्यंत मुलगी एका बैठकीत दहा गणितं सोडवू लागली. दोनदा राळेगावला जाऊन आली. पण ताईंच्या खोलीबाहेरचं बाकडं रिकामं होत गेलं. खेड्यांतून येणाऱ्या आया आधी एक आड एक सोमवारी येऊ लागल्या, मग यायच्या थांबल्या. शेवटी आमची मुलगी आणि आणखी एक मुलगा, एवढेच उरले.

"खोलीचं भाडंही निघत नाही," ताई एका सोमवारी म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यापासून मी येणार नाही. तुम्ही नागपूरला आणाल का तिला?"

माझा दोन महिन्यांचा पगार अडकला होता. "जमेल तसं आणू," मी म्हणालो. बायको खाली बघत राहिली.

मुलगी टेबलाखाली बटणं मांडत होती. ती बाहेर आली आणि एक बटण तिनं ताईंच्या तळहातावर ठेवलं.

"हे कशाचं गं?"

"आज तुम्ही आल्या ना, त्याचं. पुढच्या सोमवारी आल्या की अजून एक. दहा झाले की तुम्हालापण राळेगाव."

"खिडकीशी?"

"नाही. खिडकी माझी."

ताईंनी बटण मुठीत धरलं. मग पर्समध्ये ठेवलं, पैशांच्या कप्प्यात.

पुढच्या सोमवारी मुलगी बूट घालून दारात उभी. ताई येणार नाहीत हे तिला आम्ही दोघांनीही समजावलं होतं.

"काहून नेता तिला?" बायको म्हणाली. "कुलूप दाखवायला?"

तरी मी नेलं. कुलूपच होतं. मुलगी पायरीवर बसली, मुठीत ताईंना द्यायचं दुसरं बटण घेऊन. मी घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं झाली. तिनं पायसुद्धा हलवला नाही. इतकं ती कधीच, कुठेच बसली नव्हती.

"चला ना भाऊ," ऑटोवाला म्हणाला. "कोणाची वाट पाहून राह्यले?"

नियमाप्रमाणे मी तिला लगेच बटण देणं लागत होतो. खिशात आणलं होतं. पुढे केलं.

"हे नको," ती म्हणाली. "मी बसली नव्हती. मी वाट पाहत होती."

घरी उतरल्यावर थांबण्याचे दहा धरून ऑटोवाल्याला पन्नास रुपये दिले. मुलीला काही दिलं गेलं नाही. ते बटण माझ्या खिशात राहिलं.