कियोनोची टाळी

नववर्षाला जपानातलं सगळं सेंदाई शहर देवाला जागं करायला त्याच्यापुढे दोन टाळ्या वाजवी, आणि कियोनो मेली नुसतीच हात जोडून उभी. शेजारणी म्हणत, "हिचा देव जागाच असतो वाटतं!" म्हणोत बापड्या. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

उभा जन्म तिने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गिनीपिग सांभाळले. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखं हाड असतं, त्यात एक नाजूक पडदा. इगाराशी सर त्यावर काचेची सुई टेकवून तो किती ताठ, किती लवचिक ते मोजत. त्यासाठी कान धडधाकट लागे. म्हणून सकाळी कियोनो पिंजऱ्यांपुढे टाळी वाजवी. ज्याचे कान चटकन हलले, तो टेबलावर जाई आणि परत येत नसे. बहिरे तेवढे कोबी खात म्हातारे होत. सर वाईट नव्हते हो. दर शरदात प्रयोगशाळेमागच्या स्मृतिशिळेपुढे त्या जिवांसाठी फुलं वाहत, सगळ्यांच्या आधी वाकत. पण टाळी कियोनोची होती ना!

नोकरी सुटली, टाळी मनातून सुटली नाही. कोबीचं पान मोडलं तरी तिला पिंजऱ्यातल्या गिनीपिगांच्या शिट्या ऐकू येत.

मग मुलीला, मिनाकोला, मुलगा झाला. शेजारी भांडं पडलं तरी पोर ढिम्म. दवाखान्याने कानांच्या तपासणीला पुन्हा बोलावलेलं. मिनाको रडून रडून अर्धी झाली. बाळाच्या पहिल्या देवदर्शनाला मायलेकी त्याला घेऊन देवळात गेल्या.

"आई, वाजव की टाळी. माझे हात अडकलेत."

"नको गं."

"नको काय? लहानपणी तुझ्या टाळीला मी प्रयोगशाळेच्या अंगणात दचकायचे. त्याला ऐकू येतं का, एकदाचं कळू तरी दे!"

"दवाखान्यात कळेलच."

"नातू बहिरा निघेल म्हणून घाबरतेस ना?"

कियोनोची भीती उलटीच होती. बहिरा असला तर जगेल, म्हातारा होईल. सख्ख्या नातवाबद्दल असला विचार! तिला स्वतःचीच शिसारी आली. त्या तिरिमिरीत तिने हात उचलले आणि टाळी वाजवली.

बाळाने दोन्ही हात हवेत फेकले आणि भोकाड पसरलं.

"ऐकतो गं आई, ऐकतो!" मिनाको हसतही होती, रडतही होती. "आता दुसरी वाजव, देवाची."

कियोनोने बाळ तिच्या हातातून ओढूनच घेतलं, छातीशी धरलं, त्याचे कान तळव्यांनी झाकले. समोर देवाशिवाय कुणी नव्हतं.

"याने काही ऐकलं नाही," ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. "सर, याने काही ऐकलं नाही."