स्प्रिंगांना लावलेला भंडारा

नवरा म्हणाला, "मागच्या स्प्रिंगा काढून कडक टाकाव्या म्हंतो," आणि भाकरी थापणारा माझा हात थांबला. माणूस गाडीच्या स्प्रिंगा कडक कशाला करतो? जास्त माल भरायला. याला दुसरं उत्तर असू शकतं असं मला वाटलंच नाही.

माझा स्वभाव आधीच संशयी. माहेरी आई म्हणायची, हिला निरशा दुधातही पाणी दिसतं. पण या वेळी संशयाला कारण होतं.

दोन वर्षांपूर्वी कुंभार्ली घाटात आमची गाडी वळणावर कलंडली होती. आमची म्हणजे मेंढरं वाहायची छोटी पिकअप. आटपाडीकडच्या वस्त्यांवरून मेंढरं घ्यायची आणि घाट उतरून चिपळूणच्या व्यापाऱ्याला पोचवायची, हा धंदा. घरचा कळप सासरे गेल्यावर मोडला, त्या जागी डाळिंब लावलं, पण मेंढरांशी नातं काही सुटलं नाही. त्या दिवशी पंधराच्या जागी बावीस भरली होती. सात मेली. नवऱ्याच्या कपाळाला आठ टाके पडले. दवाखान्यातल्या बाकावर बसून मी ठरवलं, हा माणूस मला हवा आहे, बाकी सगळं गेलं खड्ड्यात. घरी आणल्या आणल्या देव्हाऱ्यासमोर त्याला भंडारा उचलायला लावला. पंधराच्या वर एक मेंढरू भरणार नाही, म्हण. म्हणाला. आमच्यात भंडारा उचलून कोणी खोटं बोलत नाही. निदान बोलू नये असं आहे.

शपथ झाली तरी मी गप्प बसणाऱ्यातली नाही. वस्तीवरून निघताना पंधरा मी स्वतः मोजायची, पण पुढे विट्याला नाहीतर कराडला आणखी पाच-सात चढवली तर मला कुठून कळणार? कळायची सोय कराडच्या मेस्त्रीनंच सांगून ठेवली होती. आमच्या गाडीला मागेसुद्धा लोखंडी पट्ट्यांचे पाटे नाहीत, गोल वेढ्यांच्या स्प्रिंगाच आहेत. अपघातानंतर त्यानं काढलेली जुनी स्प्रिंग मला दाखवली. दोन वेढे एकमेकांवर आपटून आपटून तिथला रंग उडाला होता, आतलं लोखंड चकाकत होतं. "वैनी, ह्यो बगा ओव्हरलोडचा पुरावा," तो म्हणाला. मी ते ध्यानात ठेवलं.

तेव्हापासून गाडी निघायच्या आदल्या दिवशी मी भंडारा तेलात कालवायची आणि नव्या स्प्रिंगांच्या वेढ्यांच्या मधोमध बोटानं भरायची. घरच्यांना वाटायचं, बाई गाडीची पूजा करते. सासूबाई तर शेजारणींना कौतुकानं सांगायच्या. गाडी परतली की धुवायच्या निमित्तानं मी बॅटरी घेऊन खाली वाकायची. पिवळं जसंच्या तसं असलं की घास गोड लागायचा. कधी पुसट दिसलं की मग खड्डा होता का मेंढरं होती, या विचारात दोन दिवस जायचे. विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर पूजेचं बिंग फुटलं असतं.

आणि आता हा म्हणत होता कडक स्प्रिंगा. कडक स्प्रिंग दबणार कमी. वीस मेंढरं भरली तरी वेढ्याला वेढा लागणार नाही आणि माझा भंडारा गाभाऱ्यातल्यासारखा शाबूत राहील. पूजेचं गुपित त्याला कळलं की काय कोण जाणे, पण दुरुस्ती कसली, माझे डोळे बांधायचा बेत होता हा. असं मला वाटलं, आणि पक्कं वाटलं.

"मी पन येते कराडला," मी म्हणाले.

"तू काय करणार हायस तितं?"

"बाजार हाय माजा."

बाजार कसला? पिशवीसुद्धा घ्यायची विसरले. वाटभर तो रस्त्याकडे बघत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे.

मेस्त्रीनं गाडी उचलून खाली नजर टाकली. मग सल्ला सुरू केला. एक वेढा कापला तरी स्प्रिंग कडक होते, पण गाडी खाली बसते आणि घाटात बुडाला दगड लागतो. त्यापेक्षा जाड तारेची नवी जोडी बरी. त्यानं दोन जोड्या समोर मांडल्या, एक मधल्या जाडीची, एक चांगली अंगठ्याएवढी. "ही जाडवाली लय कडक. रिकामी गाडी चालवताना कंबार मोडंल. माल किती असतोय तुमचा?"

मी कान टवकारले.

"पंधरा मेंढरं," नवरा म्हणाला.

"मग कशाला बदलताय? पंधराला हायती त्याच झ्याक हायती की."

सापडला, मी मनात म्हणाले. आता बोल म्हणावं. तेवढ्यात मेस्त्रीचं बोट वेढ्याला लागलं आणि पिवळं झालं. "आयला, स्प्रिंगांना बी भंडारा! लय भक्ती हाय गड्या तुमच्यात."

नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "भक्ती न्हाई. तपासनी हाय ती."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेस्त्री शहाणा, पाना शोधायच्या निमित्तानं दुसऱ्या गाडीकडे गेला.

"कवापास्नं ठावं हाय तुमाला?"

"पैल्या म्हैन्यापास्नं. खड्ड्यानं पुसलेला दिसला की मी परत लावायचो, कवातरी ऱ्हाऊन जायचं. डबी हाय गाडीत. तुला झोप लागावी म्हनून."

लाज बाजूला राहिली आणि मला संताप आला. "म्हंजे पुरावाच खोटा केला! मग पंधराच असत्यात कशावरनं?"

"पंधराच असत्यात."

"मग कडक स्प्रिंगा कशाला? सांगा की."

त्यानं मधल्या जाडीची जोडी हातानं दाबून बघितली. मग हळू आवाजात म्हणाला, "वळनाला मेंढरं एका अंगाला जात्यात. एक सरकलं की समदी सरकत्यात. गाडी झुकती. पंधरा असली तरी झुकतीच. कडक स्प्रिंगनं कमी झुकंल."

हे मला कळायला हवं होतं. मी मेंढरांत वाढले आहे. एकानं मान वळवली की अख्खा कळप वळतो, हे मला कोणी शिकवायला नको. आणि मी दोन वर्षं फक्त आकडा धरून बसले होते.

"थोडीशीच झुकत आसंल," मी म्हणाले.

"थोडीच. पर मला भ्या वाटतं." हा शब्द त्याच्या तोंडून मी लग्नापासून ऐकला नव्हता. "त्या वळनाला आलो की हाताला घाम सुटतो, स्टेरिंग निसटतं. मागल्या खेपंला गाडी कडंला लावली आन् अर्धा तास तितंच बसून हुतो. पाय हालंना."

प्रत्येक खेपेला हा त्या वळणावर एकटा भीत होता आणि मी घरी बसून त्याच्या खोटेपणाची वाट बघत होते.

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू गाडी इकायला लावली असतीस. मग मी काय करू? डाळिंबाला पानी न्हाई. मला दुसरं येतंय काय?"

मेस्त्री हात पुसत परत आला. "मंग? कंच्या टाकू?"

नवरा माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला त्यात खोटं काहीच नव्हतं. त्याच आठवड्यात विकायला लावली असती. आत्ताही 'विकून टाकू' एवढंच माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"मधल्या जाडीच्या टाका," मी म्हणाले. "रिकामी येताना ह्यांची कंबार मोडाया नको."