सासऱ्यांची संगीन

नगरच्या एका प्रदर्शनात मी लोकांनी आणलेल्या जुन्या लष्करी संगिनी पारखत बसलो होतो. सुप्याकडच्या एका म्हातारीनं पदराआडून संगीन काढली.

"सासऱ्यांची हाय. खरी का खोटी बघा."

मी पात्यावरचा शिक्का, बंदुकीच्या नळीला अडकवायची खाच, मूठ तपासली.

"अस्सल आहे, आजी! पलटणीतलीच!" मी हरखून म्हणालो.

तिचा चेहरा उतरला.

"लढाईत हिनं मानूस मारला म्हनून ते झोपंत रडायचे. आमी हसायचो. बाजारातनं आनली आन् सोंग करताय, आसं मी त्यांना तोंडावर म्हनले."

मग ती हळूच म्हणाली, "पुन्यांदा बघा की."

मी भिंग लावलं. शिक्का स्पष्ट होता. मघाच्या माझ्या आनंदाची इतकी लाज वाटली, की मान वर करवेना.