तपासणीच्या दिवशीचं पाणी

मित्रांनो, दुपारपासून स्वतःचीच लाज वाटते आहे.

मेळघाटातून उठवून अकोटजवळ वसवलेल्या विस्थापितांना मदत पोचते का, हे तपासायला गेलो होतो. टाकी काठोकाठ भरलेली. फॉर्मवर 'पाणी आहे' अशी खूण केली.

पण वस्तीतल्या बाया प्रश्नांची उत्तरं द्यायला थांबेचनात. हंडे घेऊन टाकीकडे धावत होत्या.

"काहून एवढी घाई, मावशी?"

"तुमी गेले का टँकर बंद, भाऊ. मंग नाल्याचं पानी. त्यानंच सून दवाखान्यात पडून हाय. तुमी रोजच येत जा ना!"

गेल्या वर्षी याच टाकीला मीच 'उत्तम' लिहिलं होतं.

आज खूण खोडली. साहेबांना फोन करून सगळं सांगितलं, तर म्हणाले, "डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहा."

डोळ्यांना तर पाणीच दिसलं. सांगा, ती सून कुठल्या रकान्यात लिहू?