दस्तगीरचा पाय

आमची पोस्टिंग तेव्हा पूंछ सेक्टरला होती. मी सुभेदार, कराडजवळच्या मलकापूरचा. नाईक दस्तगीर मुलाणी माझा ड्रायव्हर, रहिमतपूरचा. सकाळी गाडी पुसायची, तेल-पाणी बघायचं, रेशन वरच्या पोस्टवर पोचवायचं. हे रोजचं. गाडी चालवताना गाणी म्हणायचा, तीही बेसूर.

एका सकाळी दरड आडवी आली. गाडी निघेल का ते बघायला तो खाली उतरला आणि पायाखाली माइन फुटली. मी वायरलेस सेटवर बोललो, "वन कॅज्युअल्टी. लेफ्ट लेग. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर." तो शुद्धीवर होता. म्हणाला, "साब, हँडब्रेक वढलाय."

पाय गुडघ्याखाली कापला. अपंगत्वाची पेन्शन देऊन त्याला घरी पाठवलं.

पुढं मी रिटायर होऊन साखर कारखान्यात सिक्युरिटीला लागलो. तिथं वर्कशॉपमध्ये जागा निघाली, म्हणून त्याला बोलवायला रहिमतपूरला गेलो. दस्तगीर कॉटवर बसलेला, अंगानं सुटलेला. कृत्रिम पाय कपाटावर, चादरीत गुंडाळून ठेवलेला.

"हे काय रं?"

"पाय लावून चाललो तर मेडिकल बोर्ड अपंगत्वाचं टक्के कमी करंल, साब. आन् नोकरी धरली तर पेन्शनच बंद. सगळी म्हणत्यात."

"सगळी म्हणजे कोण? ऑफिसात विचारलंस?"

"न्हाई. इचारलं आन् त्यांनी बंदच केली म्हंजे?"

डोकंच फिरलं माझं. तसाच गाडीत घातला आणि साताऱ्याला सैनिक कल्याणच्या ऑफिसात नेला. तिथल्या बाईंनी कागद पाहिले. "काका, कापलेला पाय काय परत येतो? तुमचे टक्के कायमचे आहेत. कारखान्यात खुशाल काम करा, ही पेन्शन थांबत नाही."

येताना कोरेगाव मागं पडलं. मग तो म्हणाला, "म्हंजे मी उगाच बसलो व्हय, साब?"

 घरी पोचल्यावर मी कपाटावरचा पाय खाली काढला.

जुना पाय आता बसेना. नव्याचं माप दिलं. पठ्ठ्या रोज कुबड्या घेऊन वेशीपर्यंत चालायला लागला. वर्कशॉपवाल्यांनी जागा राखून ठेवली होती. पण बसून बसून शुगर, बीपी सगळंच मागं लागलेलं. नवा पाय यायच्या आत हार्ट अटॅकनं गेला. खांदा देताना मला रडू आवरलं नाही.

रहिमतपुरात शहीद जवानांची नावं कोरलेला दगड आहे. यंदा पंधरा ऑगस्टला नावं वाचायला मला बोलावलं. वाचून झाली, लोक पांगायला लागले. दस्तगीरची बायको पुढं आली.

"आवं सुभेदार, ह्येंचं नाव ऱ्हायलं."

तो लढताना नाही, घरी वारला, म्हणून दगडावर त्याचं नाव नाही. नियम मला ठाऊक आहे. मी लोकांना थांबवलं, सावधानमध्ये उभा राहिलो आणि मोठ्यानं नाव घेतलं, "नाईक दस्तगीर मुलाणी."