चिमट्यावर अडकलेलं बोट

मनगटाचं प्लास्टर निघालं तेव्हा माझ्या उजव्या हातात चहाचा कपही धड राहत नव्हता. वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे आणि त्याच्या जोडीला मी साप पकडते. कुणाच्या घरात साप निघाला की फोन येतो. मी जाते, साप पिशवीत घेते, वनविभागाला कळवते आणि वस्तीपासून लांब सोडून येते. हे काम मला जवळच्या सेलू गावातल्या, साप पकडणाऱ्या एका दादांनी शिकवलं. मनगट मात्र सापापायी मोडलं नव्हतं. न्हाणीत साबणाच्या पाण्यावरून पाय सरकला आणि सगळा भार हातावर आला, एवढंच.

प्लास्टर निघाल्यावर पहिला फोन आला तो शेळ्यांच्या गोठ्यात शिरलेल्या धामणीचा. धामण बिनविषारी, पण अंगात जोर भारी. मी तिला शेपटीकडून धरलं. तिने एकच हिसका दिला आणि ती माझ्या मुठीतून साबणाच्या वडीसारखी निसटून थेट अंगणातल्या माणसांत गेली. "मारू नका, विषारी नाई ते!" मी ओरडत राहिले, तोवर एकाने काठी घातली होती. दुसऱ्यानेही घातली. मग कुणीतरी म्हणालं, "ताई, जमत नाई त् कायले येता?"

 मी मेलेली धामण उचलली आणि घरी आले.

त्याच आठवड्यात मी मोबाईलवरून मुठीच्या व्यायामाचं ग्रिपर मागवलं. दोन मुठी आणि मध्ये जाड स्प्रिंग, दाबायचं आणि सोडायचं. फोटोत ते खेळण्यासारखं दिसत होतं. हातात घेतलं तर दोन्ही मुठी अर्ध्यावरसुद्धा जवळ येईनात. तो कडकपणा पाहून मला उलट बरंच वाटलं. हे दाबता आलं की धामण काय, अजगरही सुटणार नाही, असा माझा हिशोब.

मग ते माझ्या हातातून सुटेनाच. गिऱ्हाईक माप सांगत असायचं आणि टेबलाखाली माझी मूठ चालू. भाजीला फोडणी देऊन दाबायचं, बस येईपर्यंत स्टँडवर दाबायचं. दिवसभर कात्री चालवून झालेल्याच हाताने संध्याकाळी पुन्हा ग्रिपर. हळूहळू दोन्ही मुठी एकमेकींना टेकायला लागल्या.

दुखणं सुरू झालं ते करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने. आधी नुसती ठणक. मग सकाळी उठल्यावर बोट वाकलेलंच असायचं. सरळ करायला गेलं की आत टक् करून काहीतरी सुटायचं आणि कळ कोपरापर्यंत जायची. मी गरम पाण्यात हात बुडवून बसायची, बाम चोळायची, हळदीचा लेप लावायची आणि हात जरा मोकळा वाटला की पुन्हा ग्रिपर उचलायची. दुखतंय म्हणजे ताकद येतेय, असं मी स्वतःला सांगत होते.

एकदा चहा पिताना नवऱ्याने पाहिलं. बोट कपाच्या कानात अडकलं होतं आणि मी डाव्या हाताने ते सोडवत होते.

"हे काय झालं वं?"

"काही नाई. अवघडलं."

"अवघडलं? काऊन दाबून राह्यली एवढं? हात बरा करायचा हाय का तोडायचा हाय?"

"तुमाले काय माहीत, ताकद कशी येते ते?"

"मले नाई माहीत. म्हणून त् म्हणतो, वर्ध्याले चाल. डॉक्टरले दाखव."

मी पुढच्या आठवड्यावर ढकललं. त्याने कप उचलून नेला.

तो पुढचा आठवडा यायच्या आत फोन आला. दुपारची वेळ, उन्हाने रस्ते ओस पडलेले. पलीकडून एक बाई बोलत होती. बोलत कसली, श्वासच जास्त ऐकू येत होता. "ताई, लवकर या. नाग हाय. मामाजीच्या खाटेखाली हाय. त्याहीले उठता येत नाई."

मामाजी म्हणजे तिचे सासरे. कमरेपासून खाली त्यांचं अंग चालत नव्हतं. घरातली बाकी माणसं कामावर गेलेली. मी सेलूच्या दादांना फोन लावला, तर ते आष्टीकडे गेलेले. "तू पोच, मी निघतो," म्हणाले. पण आष्टीहून यायला किती वेळ लागतो ते दोघांनाही माहीत होतं. नवरा कामावर होता. मी स्कूटीला किक मारली आणि निघाले.

खोली लहान होती. भिंतीला लागून लोखंडी खाट, तिच्यावर म्हातारबाबा आणि खाली पत्र्याचे डबे. सून दारात उभी होती, तोंडावर पदर धरून.

"आतमधी येजो नको," मी तिला म्हटलं. "अन् आवाजबी नको करू."

म्हातारबाबा छताकडे पाहत होते. मान न हलवता त्यांनी विचारलं, "दिसला काय, बाई?"

"दिसला. तुमी हलू नका."

"मी हलूनच कुठं राह्यलो!" ते म्हणाले. ते हसायचा प्रयत्न करत होते.

नाग दोन डब्यांच्या मधोमध होता. मी पिशवीच्या तोंडाला पाईप लावून ती जमिनीवर ठेवली. सापाला अंधार लागतो. वाट मिळाली तर तो पाईपमधून आपणहून पिशवीत जातो. डाव्या हातात आकड्याची काठी आणि उजव्या हातात चिमटा. या चिमट्याला सायकलच्या ब्रेकसारखी मूठ असते. मूठ दाबली की पुढचा जबडा मिटतो, सोडली की उघडतो. काठीने मी एक डबा बाजूला केला, तसा नाग खाटेच्या पायाकडे वळला. तिथून वर चढायला त्याला वेळ लागला नसता. मी चिमट्याने त्याला मागच्या बाजूने अलगद धरलं आणि काठीने त्याचं तोंड पाईपकडे वळवलं.

तो आत शिरला. अर्धा दिसेनासा झाला. आता फक्त मूठ सोडायची होती.

बोट उघडेना. बाकीची बोटं सुटली, पण ते एक बोट ब्रेकभोवती आकड्यासारखं अडकून बसलं आणि जबडा मिटलेलाच राहिला. मागून धरलंय म्हटल्यावर पुढे गेलेला नाग पाईपमध्येच वळायला लागला. पिशवी हलताना मला दिसत होती. बोटाच्या मुळाशी कुणी खिळा ठोकतंय अशी कळ येत होती, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. मी काठी सोडली, डाव्या हाताने ते बोट पकडलं आणि ओढलं. टक् झालं. डोळ्यांपुढे अंधारी आली. चिमटा खाली पडला.

तोवर नाग बाहेर आला होता. फणा काढून तो माझ्यासमोर उभा राहिला, माझ्या गुडघ्याच्या उंचीचा. माझे दोन्ही हात रिकामे होते आणि उजवा तर बधिर झाला होता. मी जिथे होते तिथेच थांबले.

"गेला काय?" म्हातारबाबांनी विचारलं.

 ओठ हलवायचीही हिंमत नव्हती. दारात सुनेच्या बांगड्या एकदा किणकिणल्या आणि थांबल्या. नाग डुलत होता. घामाचा थेंब माझ्या भुवईवरून डोळ्यात उतरला आणि चुरचुरला, तरी मी पापणी मिटली नाही. मनात एकच गोष्ट फिरत होती. हा खाटेवर चढला तर मी याला कशाने धरू?

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. समोर काहीच हलत नाही म्हटल्यावर त्याचा फणा हळूहळू मिटला. तो जमिनीला टेकला, जरा इकडेतिकडे फिरला आणि त्या पाईपमध्येच परत शिरला. शेपटी दिसेनाशी झाली. मी डाव्या हाताने पिशवीचं तोंड पिळलं. गाठ मात्र एका हाताने मारता येईना.

"ये," मी सुनेला म्हटलं. "दोरी बांध. मी धरून हाय. वरच्या अंगाले बांध, भेऊ नको."

ती आली. गाठ तिने अशी आवळली की नंतर दादांना ती सोडवायला दातांची मदत घ्यावी लागली. मग ती भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठ्याने रडली. म्हातारबाबा तिला हाक मारत होते, "अवं, रडू नको. पाणी दे त्या बाईले."

दादा नंतर पोचले आणि नाग त्यांनीच रानात सोडला. माझा हात पाहून ते एवढंच म्हणाले, "हात उघडत नाई त् मले सांगायचं होतं."

दुसऱ्या दिवशी नवरा मला वर्ध्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी बोटाच्या मुळाशी अंगठा दाबला आणि मी खुर्चीतून उठलेच. त्यांनी समजावून सांगितलं. बोट वाकवणारी दोरी एका अरुंद नळीतून सरकते. सतत आवळून ती सुजली, की त्या नळीत अडकते. याला ट्रिगर फिंगर म्हणतात.

"दिवसभर कात्री, आणि त्यावर हे ग्रिपर? कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही."

"मग आता मी सांगतो. ग्रिपर बंद, साप बंद. कात्रीसुद्धा कमी. पट्टी बांधून बोट सरळ ठेवायचं. तरी नाही सुटलं तर इंजेक्शन देऊ."

नवरा माझ्याकडे पाहत होता. मला वाटलं, आता बोलेल.  पण घरी आल्यावर त्याने ग्रिपर कपाटाच्या वर टाकलं आणि पट्टी बांधायला माझा हात मांडीवर घेतला.

पट्टीच्या त्या दिवसांत फोन यायचे थांबले नाहीत. एकदा तर आमच्याच गल्लीतून आला. मी दादांचा नंबर दिला आणि फोन चालू ठेवून बाईला सांगत राहिले, दार लावा, फटीत कपडा कोंबा, नजर ठेवा, जवळ जाऊ नका. मी घरातच येरझाऱ्या घालत होते. गल्लीतला गलका मला खिडकीतून ऐकू येत होता. कुणी काठी उचलली असेल का, हाच विचार डोक्यात होता. दादा पोचले, साप निघाला, बिनविषारी कवड्या होता. बाईने ते सांगितलं तेव्हा मी ओट्याला धरून उभी होते.

इंजेक्शन घ्यावंच लागलं. त्यानंतर बोट हळूहळू मोकळं झालं. थंडीच्या दिवसांत सकाळी अजून जरा धरतं, पण मी त्याला ओढत नाही. कोमट पाण्यात सोडते आणि ते आपणहून उघडेपर्यंत थांबते. आता कापड कापायचं काम शेजारची एक मुलगी करते, मी फक्त मशीन चालवते. सापाचा फोन आला की मी जाते, पण एकटी साप धरत नाही. चिमटा दादांना देऊन टाकला. काठी आणि पाईप माझ्याकडे असतात. धरणारं दुसरं माणूस सोबत असेल तरच मी दाराच्या आत पाय टाकते. लोक खोळंबतात, ओरडतात, "ताई, तुमी त् येऊन राह्यल्या, मग थांबल्या काऊन?" मी त्यांना दार लावून घ्यायला सांगते आणि सोबतचं माणूस येईपर्यंत अंगणातच उभी राहते.