माझ्या काठीची पावणी

माझ्या पिशवीत तांदूळ पडले, त्या दिवशी देवीवरचा माझा विश्वास निम्म्यावर आला. मी मागत होते मुलींच्या शिक्षणासाठी. पेडण्याकडच्या एका वाड्यावर भर दुपारी एका घराच्या उंबऱ्याशी उभी राहिले, काखेत काठी, खांद्यावर पिशवी. आतून एक नवी सून आली. मी तोंड उघडायच्या आत तिने माप भरून तांदूळ पिशवीत ओतले आणि म्हणाली, "आता फुडें व्हच गे आजये, शेजारीय विचार." तिची काही चूक नव्हती. लंगडी म्हातारी दारात आली की ती कशाला आली हे कोणी विचारत नाही. तांदूळ परत करणे बरे दिसत नाही, म्हणून घरी नेले, पेज केली आणि खाल्ली. खाताना आमच्या सातेरीदेवीला मात्र चार शब्द सुनावले. म्हटले, महिनाभर मी उन्हातून फिरते ते काय माझ्या पोटासाठी? तुला दिसत नाही का?

माझा उजवा पाय लहानपणीच्या तापात वाळला. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा नदीपलीकडे होती आणि मला होडीत उचलून घालायला रोज माणूस कुठला? बाबांनी महिनाभर नेले, मग पेरणी आली. त्याचे मी कधी रडगाणे केले नाही आणि आताही करत नाही. हाताने फिरवायचे शिवणयंत्र शिकले आणि त्याच्यावर आयुष्य काढले. गावातल्या मुलींचे शाळेचे कपडे मीच शिवते. त्यामुळे एक गोष्ट मला मास्तरांच्या आधी कळते. जी मुलगी दर वर्षी परीक्षा संपताच माप द्यायला येते, ती एखाद्या वर्षी आली नाही किंवा आली ती ब्लाउजचे कापड घेऊन आली, की समजायचे, हिची शाळा सुटली.

त्या वर्षी आमच्या वाड्यावरच्या चार मुली दहावीची परीक्षा देऊन मोकळ्या झाल्या आणि चौघींपैकी एकही माप द्यायला आली नाही. कारण सरळ होते. अकरावी-बारावीची शाळा लांब, आमच्या वाड्यावर बस येत नाही, आणि मुख्य रस्त्यावरून चालत यायचे तर मधे काजूची झाडी, माणूस नाही काणूस नाही. माझ्या शेजारच्या शाणूची दीक्षा चौघींत हुशार. शाणू म्हणाला, "मावशे, प्रॅक्टिकल आसलें की काळोख पडटा. कोण घरा हाडटलो तिका? म्हापशाक कपड्यांच्या दुकानात जागा आसा, ती बरी." मी म्हटले, "म्हापशाहून येताना काळोख पडना काय रे?" तर म्हणाला, "थंय पगार मेळटा."  गावात एकाची ओमनी गाडी होती. तो चौघींना नेऊन आणायला तयार होता, पण अर्ध्या वर्षाचे पैसे आधी हवे म्हणाला. एवढे पैसे चार घरांतून निघणारे नव्हते. म्हणून मी मागायला निघाले. महिनाभरात सहा हजार आणि मापभर तांदूळ जमले. हे सहा हजार घेऊन गेले तर ओमनीवाला हसला. जून पंधरा दिवसांवर आला होता आणि दीक्षाला दुकानात रुजू व्हायला जूनच्या पहिल्या सोमवारी बोलावले होते.

मेच्या शेवटी आमच्या सातेरीच्या देवळाचा वर्धापनदिन असतो. पूजा, महाप्रसाद आणि पावणी. पावणी म्हणजे लिलावच, पण देवापुढचा. लोक आपापल्या बागायतीतले पहिले फळ, नारळ, केळ्यांचा घड, सुरण, काय असेल ते देवीला वाहतात आणि मग बोली लावून विकत घेतात. दहा रुपयांचा नारळ हजारालाही जातो, कारण तो देवीचा झालेला असतो. पैसे देवस्थानाचे. मी देवस्थानाच्या अध्यक्षांच्या मागे लागले, तेव्हा ते कंटाळून म्हणाले, "बरें मावशे. तूं एक वस्तू दी. तिच्या पावणीचे पयशे तुज्या चेडवांक. पूण एकच हां!" चेडवां म्हणजे मुली. माझ्या परसात काय असणार? एक भोपळा होता. तो मी दिला. दोनशे रुपये आले असते, फार तर तीनशे.

त्या दिवशी मी सकाळीच जाऊन मंडपातल्या सोप्यावर, म्हणजे बसायच्या कट्ट्यावर बसले. भोपळा पायाशी ठेवला आणि काठी त्याच्यावर आडवी टेकवली. ही काठी म्हणजे काखेत घ्यायची कुबडी, फणसाच्या लाकडाची, गावच्या सुताराने केलेली. नैवेद्याची गडबड चालली होती. स्वयंपाकाच्या बायका भाज्या गोळा करत फिरत होत्या, त्यांतल्या एकीला वाटले भोपळा प्रसादाचा. तिने काठी बाजूला ठेवली आणि भोपळा उचलून नेला. मला पत्ता नाही, मी देवीकडे तोंड करून तिच्याशी भांडत होते. पाहिले तेव्हा भोपळा चिरून खतखत्यात, प्रसादाच्या मिसळ भाजीत, पडला होता. मी त्या बाईला हाक मारून म्हटले, "भवाने, चार चेडवांची शाळा तूं टोपात घातलीस!" ती बिचारी घाबरली. पण शिजलेला भोपळा काही उठून येत नाही.

पावणी पुकारतो तो बाबल. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण माइक कोणाला देत नाही. नारळ झाले, घड झाले, आणि त्याने पुकारले, "आता मावशेची वस्तू! चेडवांच्या शाळेसाटी!" माझ्याकडे आला, सोप्याखाली हात फिरवला, हाताला काठी लागली, ती उचलून डोक्यावर धरली आणि म्हणाला, "देवीची काठी! बोला!" मी ओरडले, "अरे बाबल्या, ती माजी!" तो लाऊडस्पीकरमधून म्हणाला, "तुजीच म्हणटां न्हय!" लोक हसले. उठून जाऊन ओढून घ्यावी, तर उठायला काठीच नाही. बसून राहिले.

तेवढ्यात मागून कोणी तरी बोलले, "पाचशे!" सगळे वळले. अनोळखी माणूस, खाकी शर्ट, अंगावर खाणीची लाल धूळ. डिचोलीच्या खाणीवर टिप्पर ट्रक चालवणारा दोडामार्गकडचा ड्रायव्हर होता, रस्त्यावरून मंडप दिसला म्हणून हात जोडायला थांबला होता. बाहेरच्या माणसाने बोली लावली की आमच्या गावाला कसेसेच होते. वस्तू काय आहे हे कोणी पाहत नाही. शाणू माझ्या पुढेच बसला होता. तो ताडकन म्हणाला, "सातशे!" ड्रायव्हर म्हणाला हजार. शाणू म्हणाला बाराशे. कोणी तरी शाणूला चढवले, "गावची काठी भायलो व्हरतलो रे?" शेवटी तीन हजारांवर ड्रायव्हरने नेली. तीन वार झाले, त्याने काठी दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावली आणि बाबलला विचारले, "जेचो पाय बरो झालो, तो खंय बसलो हा? माका तेच्या पायां पडाचा आसा."

तेव्हा कळले. त्याची आई मांडीचे हाड मोडून वर्षभर अंथरुणावर होती. देवळात काठी विकायला आहे म्हणजे कोणाचा तरी नवस फळला, पाय बरा झाला, म्हणून त्याने ती काठी वाहिली, असा त्याचा समज झाला. आमच्याकडे नवस असेच फेडतात, त्यामुळे त्याला हसण्यासारखे काही नव्हते. पण मंडप हसला. बाबल म्हणाला, "अरे बाबा, जिचो पाय ती सोप्यार बसल्या. पाय काय बरो जावंक ना, जीब तेवडी बरी आसा!"

तो माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. कानापर्यंत लाल झाला होता. "आये, चुकलंय. घे तुजी काठी," म्हणाला. मी हात पुढे केला, तर अध्यक्ष मधे आले. देवीपुढे विकलेली वस्तू अशी फुकट परत देता येत नाही. नको असेल तर देवीलाच घालायची, मग पुन्हा पावणी. हा आमचा रिवाज आहे आणि तो मी लहानपणापासून पाहत आले, पण माझ्या काठीवर येईल असे कधी वाटले नव्हते. त्याने काठी देवीच्या पायरीवर ठेवली, तीन हजार मोजून दिले आणि जाताना मला म्हणाला, "आये, माझ्या आवशीसाठी देवीकडे एक शब्द टाक."

"मी देवीकडे भांडतां रे बाबा. ती माजें आयकना."

"मग भांडान सांग," म्हणाला आणि गेला.

त्यानंतर जे झाले ते मी फक्त सांगते, त्याचा अर्थ लावत नाही. बाबलने काठी पुन्हा पुकारली. शाणूला बाहेरच्याकडून हरल्याचे लागले होते, त्याने अडीच हजाराला घेतली. घेऊन करणार काय? शेजारणीची काठी घरी नेणार? त्याने ती देवीला घातली. मग गावच्या दुकानवाल्याने घेतली, त्यानेही घातली. मग अध्यक्षांच्या बायकोने अध्यक्षांकडे न पाहता बोली लावली. मग बचतगटाच्या बायकांनी मिळून. प्रत्येक वेळी बाबल गळा ताणून "चेडवांच्या शाळेसाटी" म्हणे आणि काठी इकडून तिकडे जाई. लोकांना चेव आला होता. सात वेळा गेली. मी एका जागी बसलेली. मला खरे सांगायचे तर केव्हापासून लघवीला जायचे होते आणि खतखते थंड होत होते. आठव्या वेळी बाबलने काठी वर धरली तेव्हा मीच ओरडले, "एक रुपयो! आणि आता दी रे माका, उठूंक जाय!"

मला वाटले कोणी तरी मस्करी करील, दोन रुपये म्हणेल. आमचे लोक अशी संधी सोडत नाहीत. पण कोणी बोलले नाही. आत्तापर्यंत एकमेकांवर ओरडणारा मंडप गप्प झाला. वर पंखा फिरत होता तेवढाच आवाज. बाबल म्हणाला, एक वार. मग दोन वार. मग तो थांबला, कितीतरी वेळ थांबला. देवीच्या अंगावरचे फूल पडले, डोळ्यांपुढे प्रकाश आला, असले काही झाले नाही. मी देवीकडे पाहिले आणि भांडायला शब्द सापडेना, एवढेच. तीन वार झाले. शाणूने काठी आणून दिली. मी कमरेच्या पिशवीतला एक रुपया त्याच्या हातावर ठेवला.

पैसे गाडीवाल्याने मागितले होते त्याहून थोडे जास्तच झाले. पण खरे काम पैशांनी झाले नाही. भर मंडपात चेडवांच्या शाळेसाठी दोन-दोनदा बोली लावलेला बाप सोमवारी आपल्याच चेडवाला दुकानात कसा पाठवणार? शाणूला कोणी काही म्हटले नाही. रविवारी दीक्षा गणवेशाचे कापड घेऊन माझ्याकडे आली, मागोमाग बाकी तिघी. चौघींची मापे मी एका दिवसात घेतली.

मी पुष्कळ विचार केला. महिनाभर काठी टेकत दारोदार फिरले, तेव्हा मापभर तांदूळ. ज्या तासाला काठी हातात नव्हती, उठता येत नव्हते, ओरडून कोणी ऐकत नव्हते, त्या तासाला काम झाले. मी काही केले नाही, हे कबूल करायला मला फार जड गेले. फिरणे वाया गेले असेही म्हणत नाही. फिरले नसते तर अध्यक्ष कंटाळले नसते. पण शेवटचे पाऊल माझे नव्हते, आणि ते माझे नाही म्हणून मी एवढे दिवस देवीला बोल लावत होते. तिचे उपकार मानते. मोठ्याने मानले, मंडपात नाही, घरी.

ड्रायव्हरची आई उठली की नाही मला माहीत नाही. तिच्यासाठी रोज भांडते. दीक्षा पहिल्या चाचणीत गणितात नापास झाली, तिलाही चार शब्द ऐकवले. गाडी वेळेवर येते. आणि शुक्रवारी देवळात जाते तेव्हा आता मी काठी पायरीबाहेर ठेवते. आत जायला कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवावा लागतो. जन्मात मी तो कोणाच्या खांद्यावर ठेवला नव्हता. जो जवळ असेल त्याचा खांदा. परवा दीक्षाच होती. दोन पावले टाकली आणि म्हणाली, "मावशे, जड आसा गे तूं."

म्हटले, "आसां. चल."